चित्र दिसलं नाही तरी मेल वाचता आला पाहिजे

नमस्कार,

छोट्या व्यवसायासाठी ई-मेल न्यूजलेटरचं टेम्प्लेट, म्हणजे दर वेळी मजकूर बदलून वापरायचा साचा, कसा करावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तीस वर्षं छपाईत काढलेला माणूस वेळ काढून एवढं सविस्तर लिहितो, त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझा नमुना बँकेच्या नोटिशीसारखा कोरडा आहे. त्यातल्या ओळी एकमेकींना चिकटल्यात आणि शीर्षकाची अक्षरं जरा सुटी हवीत. त्यापेक्षा डिझायनरकडून छान जाहिरात करून घ्यावी आणि ती जेपीजी, म्हणजे एक अख्खं चित्र, म्हणून मेलमध्ये टाकावी, काम झालं. आणि मुळात मुंबईत गिऱ्हाईक व्हॉट्सॅपवर असताना मेल उघडतं कोण?

ओळींचं आधी घेते, कारण तिथे तुम्ही अगदी बरोबर आहात. मी ते टेम्प्लेट इंग्रजी मजकुराच्या मापावर बेतलं होतं, ओळींतलं अंतर अक्षराच्या 1.3 पट. आपल्या अक्षरांना वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. तुमची प्रतिक्रिया वाचून मी तोच मेल फोनवर उघडला, तर ‘वस्तूंच्या’मधला ऊकार खालच्या ओळीतल्या ‘खर्चिक’च्या रफाराला टेकलेला. छपाईवाल्याच्या नजरेतून ते सुटणार नाहीच. आता अंतर 1.6 केलंय, अक्षर 17 पिक्सेल, आणि वाचताना खरंच मोकळं वाटतं. शीर्षकाची अक्षरं सुटी करण्याचं मात्र मी ऐकणार नाही. टेम्प्लेटमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलं की देवनागरीची शिरोरेषा तुटते, आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. शीर्षक उठून दिसायला हवं तर आकार वाढवावा, ठळक करावं, भोवती जागा सोडावी.

आता जेपीजी. ही वाट मी स्वतः चालून पाहिली आहे. गिरगावात घरी फराळ करून विकणाऱ्या एका बाईंचं काम मी करते. पहिल्या दिवाळीला मी तुम्ही म्हणता तसंच केलं: पणत्या, रांगोळी, चकलीच्या ताटाचा फोटो, त्यावरच भाव आणि ऑर्डरची शेवटची तारीख, सगळं एका चित्रात. बाई खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी फोर्टमधल्या एका ऑफिसातून त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या ताईंचा फोन: “अहो, तुमचा मेल रिकामाच आलाय.” त्यांच्या ऑफिसच्या कंप्युटरवर आउटलुक हा मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्रॅम होता. तो बाहेरून येणारी चित्रं आपणहून उतरवत नाही, तशी सूचना देऊन रिकामी चौकट दाखवतो. चित्र दिसलं नाही तर त्याच्या जागी दिसणारा पर्यायी मजकूरही मी लिहिला नव्हता. त्यामुळे भाव नाही, तारीख नाही, फोन नंबरही नाही. त्या ताईंनी निदान फोन तरी केला. बाकी कितीजणांनी तो मेल रिकामा समजून काढून टाकला असेल, हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. त्या बाईंचा वर्षाचा मोठा धंदा त्या पंधरा दिवसांत असतो.

चित्र दिसलं तरी अडचण संपत नाही. 1080 पिक्सेल रुंदीची जाहिरात फोनवर 360च्या रुंदीत बसते, म्हणजे तुमच्या डिझायनरने 30च्या आकारात लिहिलेला भाव 10चा होतो. संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये एका हाताने कडी धरून उभा असलेला माणूस तो दोन बोटांनी मोठा करून वाचणार नाही. आणि चित्रातला नंबर दाबून फोन लागत नाही. ज्यांना दिसत नाही, त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो, पण चित्रात काय लिहिलंय ते तो वाचेलच असं नाही. शिवाय पुढच्या दिवाळीला कुणी आपल्या मेलमध्ये ‘चकली’ शोधली, तर चित्रातली चकली काही सापडायची खात्री नाही. माझ्या टेम्प्लेटमधली चकली सापडते.

माझा नमुना कोरडा का दिसतो, त्याचंही कारण सांगते. विंडोजवरचं जुनं आउटलुक 2007 पासून मेल दाखवायला वर्ड या लिखाणाच्या प्रोग्रॅमचीच यंत्रणा वापरतं. गोल कोपरे, मागचं चित्र, शेजारीशेजारी सरकणारे रकाने त्याला झेपत नाहीत. म्हणून साध्या तक्त्याची मांडणी, 600 पिक्सेल रुंदी, एकच रकाना. फॉन्टचंही तसंच. तुमच्या आवडीचा सुलेखनाचा फॉन्ट जीमेल बहुतेक वेळा दाखवत नाही, फोनमध्ये जो देवनागरी फॉन्ट असेल तोच लावतं. लोगोचं अक्षर काळं आणि मागची बाजू पारदर्शक असेल तर डार्क मोडमध्ये, म्हणजे पडद्याची पार्श्वभूमी काळी केली की, तो नाहीसा होतो. म्हणून माझ्या लोगोभोवती ती पांढरी पट्टी आहे, जी तुम्हाला खटकली.

मेलच्या वजनाचीही गोष्ट आहे, आणि मराठीत ती जास्त जाचते. मेलचा कोड साधारण 102 किलोबाइटच्या वर गेला की जीमेल खालचा भाग कापून ‘पूर्ण मेल पाहा’ अशी लिंक देतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धत, मेलमध्ये सहसा ज्या UTF-8 रूपात असते, त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. ‘चकली’ म्हणजे च, क, ल आणि वेलांटी, एकूण 12 बाइट. त्यात वर्डमधून मजकूर तसाच चिकटवला की अदृश्य कोडचा ढीग सोबत येतो. कापला जातो तो तळ, आणि तिथेच ‘यापुढे मेल नको’ची लिंक असते. ती सापडली नाही की माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो, आणि मग ज्यांना मेल हवा असतो त्यांचेही मेल स्पॅममध्ये जायला लागतात. 2024 मध्ये गठ्ठ्याने जाहिरातीचे मेल पाठवणाऱ्यांना (जीमेलच्या हिशेबात दिवसाला सुमारे 5000 आणि वर) जीमेल आणि याहूने एका क्लिकवर नाव काढायची सोय सक्तीची केली. गिरगावच्या बाईंची यादी त्याच्या जवळपासही नाही, तरी मी ती सोय देते आणि टेम्प्लेटच्या वरच्या भागातही एक छोटी ओळ ठेवते. ज्याला नको आहे त्याला सुखाने जाऊ द्यावं.

व्हॉट्सॅपबद्दल तुमच्याशी भांडण नाही. ऑर्डर तिथेच येतात, येऊ देत. पण स्टेटस चोवीस तासांत जातं आणि ग्रुपवरचा भावफलक सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो. मेल राहतो. किती जणांनी उघडला हा आकडा मात्र मी पुरावा म्हणून देणार नाही. तो मोजतात मेलमधलं चित्र उतरलं का यावरून. सप्टेंबर 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय चालू असली की चित्रं आधीच उतरवली जातात, मग न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. मी उत्तरं आणि ऑर्डर मोजते.

तुमच्या दुकानाची ती जाहिरात मला पाठवाल का? तिची वरची पट्टी, रंग आणि अक्षरांची ठेवण फार सुरेख असणार. ती पट्टी चित्र म्हणून ठेवू, 1200 पिक्सेल रुंद, म्हणजे फोनवर धूसर दिसणार नाही. बाकी भाव, पत्ता, वेळ सगळं टाइप केलेलं. फक्त मजकूर युनिकोडमध्ये पाठवा. छपाईसाठी वापरायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला आला तर माझ्याकडे इंग्रजी अक्षरांची खिचडी उघडते. झालं की तुम्हाला मेल पाठवते. आधी चित्रं बंद ठेवून उघडा, मग चालू करून, आणि पुन्हा अशीच सविस्तर प्रतिक्रिया लिहा.