सही करा, पण फुलीवरच करा

तुमचा चुलतभाऊ दापोलीच्या किनाऱ्याला रिसॉर्ट बांधतोय? आणि बँकेला जामीनदार हवाय? मग कशाची वाट बघताय? माझ्याकडे गेल्या मंगळवारी रजिस्टर पोस्टाने एक पाकीट आलंय. ते अजून टीव्हीवर तसंच पडलंय. त्याच्याकडे बघत बघत चार अनुभवाचे बोल सांगतो.

पहिलं म्हणजे, कागद वाचायचे नाहीत. पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात, तिथे सही करायची. बत्तीस पानं, बत्तीस फुल्या. भाऊ "दादा, नुसती फॉर्म्यालिटी आहे रे" म्हणतो, तेवढ्यात काकू मोदकावर तूप ओतते. तुपाच्या हाताने कलमं कोण चाळणार?

'शॉर्टफॉल अंडरटेकिंग' हे शब्द दिसलेच तर पटकन पान उलटा.

साध्या जामीनकीत निदान कर्ज थकावं तरी लागतं. इथे तेवढीही कळ काढायला नको! महिन्याची कमाई पगार, वीज, डिझेल आणि हप्त्याला पुरली नाही की उरलेला फरक तुमचा. हप्ता वेळेवर गेलाय, खातं चोख आहे, तरीही तुमचा. कर्ज बुडायच्या आधीच तुम्ही बुडायची ही सोय आहे.

कमाल रक्कम लिहून मागू नका. घरच्यांत बरं दिसत नाही.

हमीतून कधी सुटणार, हेही विचारू नका. काही करारांत म्हणे लिहिलेलं असतं की कमाई सलग वर्षभर हप्त्याच्या सव्वापट राहिली की हमी संपली. माझ्या कागदात आहे 'प्रकल्प स्थिरस्थावर होईपर्यंत'. कोकणात स्थिरस्थावर काय असतं हो? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोलीतल्या पोफळीच्या बागा एका दुपारीत झोपल्या.

आणि तो अंदाजपत्रकाचा तक्ता! त्याचं कौतुक करायला विसरू नका. बाराही महिने ६५ टक्के खोल्या भरलेल्या. मे महिन्यात ६५, ठीक. दिवाळीत ६५, त्याहून जास्तसुद्धा. पण जुलैत ६५? जुलैत कोण येतो रे? मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, आणि २०११ पासून चौपदरी होत असलेल्या महामार्गाने मुंबईहून यायचं तर आधी पाठीचा विमा काढायला हवा. खोल्या रिकाम्या, पण मॅनेजर जेवतोच ना? विजेचा स्थिर आकार येतोच, जनरेटर डिझेल पितोच. एसीचं बाहेरचं युनिट बघायला मुद्दाम मागच्या बाजूला गेलो. दोन वर्षांचं युनिट. जाळीला बोट लावलं, तर पापुद्रा हातात आला, नानकटाईसारखा. खाऱ्या वाऱ्याचा खर्च तक्त्यात कुठे आहे म्हणून विचारलं, तर भाऊ म्हणाला, "तो मिसलेनियसमध्ये धरलाय." मिसलेनियस! आणि तेवढ्या पैशात त्याने स्विमिंग पूल बांधला. पन्नास पावलांवर समुद्र असताना!

मग बँकेत गेलो. म्हटलं, आधी त्याची जागा विका, मग माझ्या दारात या. साहेबाने चहा पाजला आणि शांतपणे समजावलं : १८७२ चा करार कायदा, कलम १२८. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोएवढीच, म्हणजे कर्ज घेणाऱ्याएवढीच. आणि आधी ऋणकोकडून वसूल करा असं जामीनदार म्हणू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६८ सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे माझ्या मुंजीच्या आधी.

तो तक्ता बँकेला कळला नाही असं वाटतं तुम्हाला? कळला होता. जुलैतले ६५ टक्के बघूनच त्यांनी जामीनदार मागितला. भावालाही ठाऊक होतं, म्हणून तर मोदक होते. गाढव एकटा मीच. सुरमई घेताना कल्ला उचलून बघणारा, आंब्याची पेटी तळापर्यंत उपसणारा मी, बत्तीस पानांवर न वाचता सह्या करून आलो! आणि तुम्ही हसू नका. तुमच्या घरातही असा एखादा कागद झालेला असणार. काढा तो. मर्यादा किती लिहिलीय बघा, सुटका कधी ते बघा. आणि पुढच्या कागदात हे लिहिलेलं नसेल तर सही करायच्या आधी भांडा, भाऊ रुसला तर रुसू दे. वकिलाच्या फीची कसली लाज वाटते रे आपल्याला?

टीव्हीवरचं ते पाकीट बँकेचंच. पहिली रक्कम मला दहा तारखेच्या आत भरायचीय. एफडी मोडायचा फॉर्म घेऊन आलोय. काउंटरवरच्या पोरीने त्यावरही पेन्सिलीने फुल्या मारून दिल्यात.