‘एका ट्यूबमध्ये भागते, बाकीचे विकतात’: रक्ततपासणीविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

‘रक्त तपासायला जाताय? आधी हे वाचा’ अशा धर्तीचा एक लांबलचक संदेश सध्या घराघरांतल्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरत आहे. त्याचे वेगवेगळे अवतार माझ्याकडे आजवर पाच-सहा जणांनी पाठवले. त्यांतले दोघे तर रक्त द्यायला समोरच्या खुर्चीत बसूनच फोन पुढे करत होते. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: सगळ्या तपासण्या एकाच ट्यूबमधल्या रक्तात होतात, जास्तीच्या ट्यूब भरून लॅबवाले ते रक्त विकतात, दंडावरचा पट्टा जितका घट्ट आणि मुठीची उघडझाप जितकी जोरात, तितके रक्त ‘खरे’ येते, स्पिरीट लावल्याबरोबर सुई टोचून घ्यावी, वाळू दिले तर जंतू पुन्हा बसतात, सलाईन चालू असेल तर त्याच सुईतून रक्त काढायला लावावे, वापरलेल्या सुईला आपल्यासमोर टोपण लावून घ्यावे, आणि शेवटी हात कोपरात दुमडून पाच मिनिटे बसावे. गेली सोळा वर्षे मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने घेण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की या सहांपैकी एकही सूचना पाळण्याजोगी नाही, मात्र दोन ठिकाणी तिच्यामागची भीती अगदीच निराधार नाही.

सुरुवात विक्रीच्या आरोपापासून करू. रक्तपेढीत दात्याकडून ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते, ते गोठणप्रतिबंधक द्रावण आधीच भरलेल्या निर्जंतुक पिशवीत थेट उतरते आणि २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात जपले जाते. आपल्या तीन ट्यूबमध्ये मिळून जाते आठ-नऊ मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचेही भरत नाहीत. एक पिशवी भरायची, तर चाळीसेक माणसांचे, वेगवेगळ्या रक्तगटांचे आणि वेगवेगळ्या रसायनांत मिसळलेले रक्त एकत्र ओतावे लागेल, आणि ते ज्याला चढवले जाईल तो वाचणार नाही. रक्ताच्या बाजाराची आठवण आपल्या समाजात आहे, हे खरे. पैसे घेऊन रक्त देणाऱ्या व्यावसायिक दात्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. त्या बाजाराचा संबंध पिशव्यांशी होता, तपासणीच्या ट्यूबशी कधीच नव्हता. ट्यूबमध्ये उरलेला नमुना काही काळ फ्रिजमध्ये राहतो, कारण डॉक्टरांना एखादी तपासणी पुन्हा करून हवी असू शकते. नंतर तो जैववैद्यकीय कचऱ्यात जातो.

मग ट्यूब अनेक का? टोपणाचा रंग शोभेसाठी नसतो, तो आतल्या रसायनाची ओळख असतो. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असते. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. सीबीसी आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीएवनसी तपासणी यातच होते. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त मुद्दाम गोठू देतात, कारण किडनी, लिव्हर, थायरॉइड वगैरे तपासण्यांना गुठळीवरचा स्वच्छ पिवळसर द्रव लागतो. राखाडी टोपणात फ्लोराइड असते. शरीराबाहेर काढल्यावरही रक्तपेशी साखर खातच राहतात, आणि साध्या ट्यूबमध्ये साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटत जाते. फ्लोराइड तिला आवर घालते, तोही पहिल्या तासाभरात पुरता जमत नाही. फिकट निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये सायट्रेट असते आणि तिथे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण काटेकोर सांभाळावे लागते. हृदयाची झडप बदललेला, रक्त पातळ करण्याची गोळी घेणारा रुग्ण ‘थोडेच घ्या’ म्हणतो तेव्हा त्याची ही ट्यूब अर्धी भरून चालत नाही, कारण सायट्रेट जास्त झाले की रक्त गोठायला आहे त्याहून अधिक वेळ लागतो असे दिसते आणि त्या आकड्यावरून गोळीची मात्रा बदलली जाऊ शकते.

या ट्यूब भरण्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, त्यानंतर जांभळी आणि शेवटी राखाडी. जांभळ्या ट्यूबमधले चुकून सांडलेले किंवा ‘जास्त झाले’ म्हणून ओतलेले रक्त लाल ट्यूबमध्ये गेले, तर काय होते ते एकदा पाहण्यासारखे असते. त्यातले ईडीटीए हे पोटॅशियमचेच क्षारद्रव्य असल्यामुळे पोटॅशियम आकाशाला भिडते आणि कॅल्शियम तळाला जाते. पोटॅशियम १४ आणि कॅल्शियम ३ असे जिवावर बेतणारे आकडे असलेला माणूस बाहेरच्या बाकावर बसून पेपर वाचत असेल, तर चूक माणसात नाही, ट्यूबमध्ये आहे, हे मुरलेला टेक्निशियन ओळखतो. अडचण तेव्हा येते, जेव्हा भेसळ थोडीशीच असते आणि आकडा खरा वाटण्याइतपत बिघडतो. ‘एकाच ट्यूबमध्ये भागवा’ या सल्ल्याचे टोक हे आहे.

रक्त फार घेतले जाते, ही भीती मात्र एका ठिकाणी रास्त आहे. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सगळे मिळून जेमतेम अडीचशे मिलिलिटर रक्त असते. तिथे प्रत्येक मिलिलिटरचा हिशोब ठेवावा लागतो, म्हणून टाचेतून थेंब घेतात आणि लहान ट्यूब वापरतात. अतिदक्षता विभागात आठवडे काढणाऱ्या रुग्णालाही रोजच्या नमुन्यांमुळे रक्तक्षय होऊ शकतो. तिथे ‘ही तपासणी आज पुन्हा कशासाठी?’ असे डॉक्टरांना विचारणे नातेवाइकांचा हक्क आहे. वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या धडधाकट माणसाचा तो प्रश्न नाही.

दुसरा मुद्दा पट्ट्याचा आणि मुठीचा, आणि इथे मला माझीच चूक सांगावी लागेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सडपातळ आजोबांची शीर काही केल्या हाताला लागेना. मी पट्टा आवळला आणि ‘आजोबा, मूठ उघडा, मिटा, अजून जोरात’ असे म्हणत राहिलो. दोन-अडीच मिनिटे सहज गेली असतील. रक्त मिळाले, पण दुपारी त्यांचे पोटॅशियम ६.२ आले. निरोगी माणसात ते साधारण ३.५ ते ५.१ च्या दरम्यान असते आणि सहाच्या वर गेले की हृदयाच्या ठोक्यांची चिंता वाटते. डॉक्टरांनी त्यांना धावतपळत बोलावून ईसीजी काढला, तो व्यवस्थित निघाला. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दुसऱ्या हातातून, मूठ न आवळू देता, पुन्हा नमुना घेतला, पोटॅशियम ४.४. आजोबा मला काहीच बोलले नाहीत, त्यांच्या मुलाने मात्र पुरेसे ऐकवले, आणि ते योग्यच होते.

यामागचे कारण साधे आहे. स्नायू आकुंचन पावताना पोटॅशियम बाहेर सोडतात आणि पट्ट्याने रक्त अडवलेले असल्यामुळे ते तिथेच साठते. शिवाय पट्टा फार वेळ राहिला की रक्तातले पाणी शिरेबाहेर झिरपते आणि प्रथिनांसारखे मोठे रेणू आणि त्यांना चिकटून असणारे कॅल्शियमसारखे घटक दाट होतात. म्हणून पट्टा टोचण्याच्या जागेपासून चार-पाच बोटे वर बांधावा, एका मिनिटाच्या आत सोडावा, आणि सुई बाहेर काढण्याआधी तो सुटलेलाच असावा. शीर शोधण्यात मिनिट गेलेच, तर पट्टा सोडून हाताला थोडी उसंत द्यावी आणि पुन्हा बांधावा. मूठ हलकेच मिटली तरी पुरते. शिरेवर चापट्या मारणेही बंद व्हायला हवे. त्याऐवजी हात थोडा खाली लोंबता ठेवला किंवा कोमट कापड लावले, तर शीर आपसूक वर येते. कोपराच्या खोबणीतली मधली शीर सर्वांत सोयीची असते. आतल्या बाजूची दिसायला ठसठशीत असली, तरी तिच्या शेजारून धमनी आणि हाताची मोठी नस जाते, त्यामुळे तिकडे नाइलाज झाल्याशिवाय वळू नये.

स्पिरीटबद्दलचा सल्ला तर सरळ उलटा आहे. जंतू मरतात ते स्पिरीट त्वचेवर राहून उडून जाण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत ७० टक्के अल्कोहोलने ३० सेकंद पुसून, पूर्ण वाळू देऊन मगच टोचावे असे म्हटले आहे. ओल्यातच सुई घातली की चरचरते, आणि आत गेलेल्या अल्कोहोलमुळे रक्तपेशी फुटून नमुना लालसर होऊ शकतो. वाळण्यासाठी फुंकर घालणे किंवा पुसलेल्या जागी शीर पुन्हा चाचपणे, हे दोन्ही केले तर पुसलेले फुकट जाते, मग बोटावर हातमोजा असो वा नसो.

सलाईनच्या सुईतून रक्त घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे, एक टोचणी वाचते. परंतु ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या सलाईनमध्ये दर डेसिलिटरला ५००० मिलिग्रॅम साखर असते. नमुन्यात त्याचा एक-दशांश भाग जरी मिसळला, तरी अहवालात साखर सुमारे पाचशेने वाढते, आणि मधुमेह नसलेल्या माणसाला इन्सुलिन टोचण्याची तयारी सुरू होते. तेवढ्याच भेसळीने हिमोग्लोबिन मात्र पातळ होऊन कमी दिसते. रक्त दुसऱ्या हातातून घ्यावे. तो शक्यच नसेल, तर डॉक्टरांना विचारून सलाईन काही मिनिटे थांबवावे आणि त्याच्या खालच्या बाजूची शीर निवडावी. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हात टाळायचा असतो. रुग्णाने हे स्वतःहून सांगितले तर फार मदत होते.

सुईला टोपण लावून घेण्याच्या आग्रहामागे ‘हीच सुई पुढच्याला वापरली तर?’ ही दुसरी रास्त भीती आहे. तिच्यावरचा उपाय मात्र चुकीचा सुचवला आहे. आमच्या कामात सुई बोटात घुसण्याचा एक नेहमीचा प्रसंग म्हणजे दोन्ही हातांनी टोपण लावणे. हेपटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे, आणि तेव्हा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस औषधे घ्यावी लागतात. ज्याला आपण टोपण लावायला लावतो, त्याच्या घरी पुढचे सहा महिने कसे जातात, हे मी एका सहकाऱ्याच्या बाबतीत जवळून पाहिले आहे. सुई सीलबंद पाकिटातून आपल्यासमोर उघडली जाते का, हे जरूर पाहावे. काम झाल्यावर ती टोपणाविना, हातातून कुठेही खाली न ठेवता, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात पडते का, हेही पाहावे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत धारदार वस्तूंसाठी तोच डबा सांगितला आहे, आणि त्यात पडलेली सुई पुढच्या माणसाला लावता येत नाही.

हात दुमडण्याविषयी फार लिहायला नको. कोपर वाकवला की कापसावरचा दाब सुटतो आणि हात सरळ करताना तोंड धरलेली जखम पुन्हा उघडते. निळा डाग पडतो तो बहुधा यामुळे. हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटे कापूस घट्ट दाबावा, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर त्याहून जास्त वेळ.

सहा कलमी संदेशात सर्वांत घातक चुकीचा मात्र उल्लेखच नाही, ती म्हणजे एकाचे रक्त दुसऱ्याच्या नावावर जाणे. म्हणून आम्ही ‘तुम्ही पाटील ना?’ असे विचारत नाही, कारण गर्दीत, कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. ‘तुमचे पूर्ण नाव आणि वय सांगा’ असे विचारतो. हातातल्या चिठ्ठीकडे बोट दाखवत ‘लिहिले आहे की त्यावर’ असे जवळजवळ रोज कोणी ना कोणी वैतागून म्हणते. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी, एकाच आडनावाच्या आणि एकाच पहिल्या नावाच्या दोन बायका शेजारीशेजारी बसल्या होत्या. एकीला गरोदरपणाच्या तपासण्या होत्या, दुसरीला किडनीच्या, आणि चिठ्ठ्या त्यांच्या हातांत अदलाबदल होऊन गेल्या होत्या. वय विचारल्यावर ते लक्षात आले. ट्यूबवर नावाची पट्टी चिकटवून ती मी एकीला वाचून दाखवली, तेव्हा ती अजून खुर्चीत कापूस दाबून बसलेली होती.