बोर्ड आय-कॅचिंग पाहिजे? मग आधी मजकूर कमी करा

साताऱ्यात फ्लेक्स आणि दुकानांच्या बोर्डांचं डिझाइन करतो. गिऱ्हाईक कुठलंही असो, मागणी ठरलेली, "बाकी तुमच्यावर सोडलं, फक्त आय-कॅचिंग झालं पाहिजे बघा." आणि मग व्हॉट्सअॅपवर मजकूर येतो. वर कुलदैवत, खाली वडिलांची कृपा, मध्ये दुकानाचं नाव, 'आमचे येथे' म्हणून पंधरा-वीस वस्तू, तीन मोबाइल नंबर, मालकांचा फोटो. अक्षरं लाल, त्याला पिवळी आउटलाइन, वर पांढरी, मागं सावली. कुठं थोडी जागा मोकळी ठेवली की लगेच विचारणा, "एवढी रिकामी का? स्क्वेअर फुटाचे पैसे दिलेत की आम्ही!"

त्या रिकाम्या जागेसाठीच मला भांडावंसं वाटतं. बोर्डावरची सगळ्यात कामाची जागा तीच असते.

आपल्याला एका वेळी स्पष्ट दिसतो तो नजरेच्या मधला अगदी छोटा भाग, साधारण दोन अंशांचा. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढा. बाकीचं सगळं धूसर. त्या धूसर भागातनं नजर ओढून घेतो तो रंगांतला ठळक फरक, हालचाल, नाहीतर आजूबाजूपेक्षा वेगळं काहीतरी. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन बाईंनी 1933 मध्येच प्रयोगातून दाखवलं होतं, की यादीत एकच गोष्ट वेगळी असेल तर तीच जास्त लक्षात राहते. आता साताऱ्याच्या राजपथावर उभं राहून बघा. सगळेच बोर्ड लाल-पिवळे, सगळ्यांनाच सावली. वेगळं राहिलं कोण?

पोवई नाक्याकडं चाळीसच्या वेगानं येणारा गाडीवाला सेकंदाला 11 मीटर पुढं सरकतो. बोर्डाकडं बघायला त्याच्याकडं फार तर दोन सेकंद. त्यात तो तुमच्या पंधरा वस्तू वाचणार नाही, आणि वाचूही नयेत.

देवनागरीचं तर आणखी अवघड. जाड आउटलाइन दिली की अक्षराच्या पोटातली जागा बुजते. भ आणि म, घ आणि ध लांबनं सारखेच दिसायला लागतात. रफार शिरोरेषेच्या वरच्या गर्दीत हरवतो. कॉम्प्युटरसमोर दीड फुटावरनं डिझाइन झकास दिसतं, रस्त्यापलीकडनं नुसता लाल पट्टा. म्हणून मी डिझाइन मोबाइलवर नखाएवढं करून दाखवतो. त्यात दुकानाचं नाव वाचता आलं तरच ते रस्त्यावर चालेल.

जुन्या पेंटरचे बोर्ड चांगले दिसायचे, त्याला कारण होतं. खडूनं रेघा मारून एकेक अक्षर ब्रशनं काढायचं म्हटल्यावर जास्तीचा शब्द कोण घालणार? 'सायकल मार्ट' एवढं लिहिलं की काम झालं. आता शब्द टाकायला कष्ट नाहीत, म्हणून टाकतच सुटतो.

चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दलही बोलतोच. माझं पोट याच धंद्यावर आहे, तरी बोलतो. बेकायदा होर्डिंगविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलेली 2011 ची जनहित याचिका आपल्या साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनची. 31 जानेवारी 2017 ला त्यावर सविस्तर निकाल आला. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा कायदा तर 1995 पासून आहे. तरी वळणावर, सिग्नलजवळ, समोरून येणारा माणूस दिसू नये अशा ठिकाणी फ्लेक्स लागतात, कारण 'नजरेत भरलं पाहिजे'. तिथं गाडीवाल्याची नजर रस्त्यावरच पाहिजे. परवानगी नसलेल्या जागेचा फ्लेक्स मी करत नाही. काम शेजारच्या दुकानात जातं, जाऊ दे.

धंदेवाल्या मित्रांना एकच विनंती. पुढच्या वेळी मजकूर पाठवताना 'आय-कॅचिंग करा' लिहू नका. रस्त्यावरच्या माणसानं पहिल्यांदा काय वाचावं, तेवढी एक ओळ लिहा. उरलेल्या पंधरा वस्तू दुकानाच्या दारातल्या छोट्या बोर्डावर लावू. तिथं माणूस थांबतो, सावकाश वाचतो. तो बोर्डही मीच करून देतो.