म्हातारी कुठं झोपते ते कुणाला माहितीय

सप्टेंबर २०२५ मध्ये तेरणा, मांजरा, सीना सगळ्याच एकदम फुगल्या, परंड्यात माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली, तेव्हा आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. एक पुण्यातल्या आतेभावाची, की अमेरिकेत बघा, वारं सुटायच्या आधी फोन बोंबलतो, सायरन वाजतो, टीव्हीवरचा माणूस कुठल्या रस्त्यावरून येणार ते सांगतो, आणि आमच्याकडं तलाठी येतो तोही पाणी ओसरल्यावर, पंचनाम्याला. दुसरी पार्टी लातूरच्या मामांची. त्यांचं एकच, "तिकडं शेजारी मेला तर वास आल्याबिगर कळत न्हाई. आमच्याकडं अजून माणूस माणसाला इचारतो." मधेच कुणीतरी ओला दुष्काळ जाहीर करा टाकायचं, पुढं सरकारच्या ३१,६२८ कोटींच्या मदतीच्या पॅकेजवर गुणाकार-भागाकार झाले, एकरी हातात काय येणार वगैरे. आणि दोन्ही पार्ट्या साक्षीला मलाच बोलावायच्या, सांग रे तू, तू तिथं राहतोस ना. मी तेव्हा अंगठ्याचा इमोजी टाकून गप्प बसलो. आता लिहितोय, कारण दोघांचंही मला पटलेलं नाही आणि मामांचं जरा जास्तच टोचलंय.

मी राहतो उत्तर अलाबामात, हंट्सव्हिलच्या बाजूला. गावाकडं अमेरिका म्हटलं की न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्निया, त्यामुळं अलाबामा म्हणजे काय हे आईला अजून नीट कळलेलं नाही, तिच्या लेखी मी "लांबच्या अमेरिकेत" असतो. आणि टोर्नॅडो म्हणजे तिच्या लेखी वावटळ. मे महिन्यात नांगरटीच्या रानात उठते, पाचोळा गोल फिरवते आणि कुणाच्या तरी छपराचा एखादा पत्रा वाकवून जाते, ती. मी सांगून दमलो की वावटळ तापलेल्या जमिनीतून वर उठते, आभाळ निरभ्र असलं तरी, आणि टोर्नॅडो गडगडणाऱ्या ढगातून खाली उतरतो. ती म्हणते, एकच की, गोल तर फिरतंय.

२७ एप्रिल २०११, बुधवार. मला इथं येऊन आठ महिने झालेले, पोरगी वर्षाची. त्या एका दिवसात एकट्या अलाबामात ६२ टोर्नॅडो झाले आणि अडीचशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या बाजूनं गेलेला ईएफ ५ होता, म्हणजे त्या मापातला सगळ्यात वरचा, ताशी २०० मैलांच्या वरचं वारं, हॅकलबर्ग, फिल कॅम्पबेल ही गावं पुसत १३० मैल चालत आला. आमच्यापासून चारेक मैलांवरून गेला. आम्ही तिघं बाथटबमध्ये, अंगावर गादी ओढून. पहाटेच्या वादळातच लाईट गेलेली, संध्याकाळी मोबाईलचे टॉवरही मेले, मोठ्या लाईनीच पडल्यामुळं जवळचा ब्राउन्स फेरी अणुप्रकल्पसुद्धा बंद झाला. पुढं कित्येक दिवस लाईट नाही, म्हणजे एटीएम नाही, पंपावर पेट्रोल नाही, दुकानात फक्त रोख. आणि माझ्या पाकिटात अकरा डॉलर.

वारं थांबून पंधरा मिनिटं झाली नसतील तर दार वाजलं. तीन घरं सोडून राहणारा म्हातारा, आठ महिन्यांत आमचं हाय-बाय सोडून काही बोलणं नाही. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, हातात टॉर्च आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद. चर्चच्या लोकांनी केलेली आमच्या रस्त्याची यादी. किती जण आहात, कुणाला लागलं का, कुणाचं औषध फ्रिजमध्ये असतं का, गॅसचा वास येतोय का, तारा पडल्यात तिकडं पाय ठेवू नका. आणि मग त्यानं विचारलं, तुला अजून कोण दिसलेलं नाही? मी बावळटासारखा बघत राहिलो, कारण मला रस्त्यावरचं कोणीच माहिती नव्हतं, मग कोण दिसलेलं नाही हे कसं सांगणार. त्याला माहिती होतं. समोरच्या घरात एकटी बाई राहायची, ऑक्सिजनच्या मशीनवर. मशीन विजेवर चालतं. लाईट पहाटेपासून नाही. आम्ही गेलो तर ती खुर्चीत बसलेली, शेजारी छोटा सिलिंडर, काटा पार खाली आलेला, आणि आम्हाला म्हणते मी ठीक आहे, दुसऱ्यांकडं बघा. तिला गाडीत घालून फायर स्टेशनला नेलं, तिथं जनरेटर होता.

परत येताना त्यानं मला एक गोष्ट सांगितली ती मी चौदा वर्षांनी विसरलो, ते पुढं सांगतो. म्हणाला आईला कॉल करत बसू नको, लागणार नाही आणि बॅटरी जाईल, एक मेसेज लिही, पाठव, ठेवून दे, रेंज एक सेकंद आली तरी तो निघून जाईल. निघून गेला, रात्री अकराला, म्हणजे गावाकडं सकाळी साडेनऊ. तोपर्यंत टीव्हीवर अमेरिकेत चक्रीवादळ एवढंच चाललेलं आणि आमच्या लोकांनी न्यू जर्सीतल्या एका लांबच्या जावयाला फोन करकरून हैराण केलेलं. त्याच्याकडं ऊन होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही काही जण पाणी वाटायला पडलेल्या भागात गेलो. उभ्या राहिलेल्या दारांवर स्प्रेनं मोठमोठ्या फुल्या मारलेल्या. डावीकडं कुठल्या पथकानं बघितलं, वर तारीख-वेळ, उजवीकडं आत काय धोका आहे, आणि खाली आकडा, किती माणसं सापडली, जिवंत किती, मेलेली किती. खाली शून्य दिसलं की बरं वाटायचं. एका ढिगाऱ्यापाशी फायरवाला शेजारणीला विचारत होता, इथं कोण राहायचं, आणि रात्री कुठल्या खोलीत झोपायचे?

माझे पायच गळाले. कारण हा प्रश्न मी अकरा वर्षांचा असताना ऐकलेला.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून गाव मेल्यासारखं झोपलेलं. आमचं गाव किल्लारीच्या भूकंपाच्या पट्ट्यातलं, तेरणेच्या काठाला. दगड-मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, वर मातीचं माळवद, उन्हाळ्यात गार म्हणून कौतुक असायचं तेच अंगावर आलं. आम्ही मागच्या पत्र्याच्या खोलीत होतो म्हणून राहिलो. आजी पुढच्या घरात होती. अंधार, धूळ इतकी की तोंड उघडता येईना, आणि त्यात शेजारची काकू, तिच्या स्वतःच्या घरातली दोन माणसं गेलेली, ती बोळातून प्रत्येक ढिगापाशी उभी राहून नाव घेऊन हाका मारायलीय. आमच्याकडं आली आणि अण्णांना म्हणाली, "तिकडं उकरू नगासा, म्हातारी चुलीपाशी झोपती." अण्णांना, पोटच्या पोराला, माहिती नव्हतं की आजी थंडी वाजते म्हणून आठवड्यापासून चुलीपाशी झोपायलीय. काकूला माहिती होतं. आजी तिथंच सापडली. जिवंत नव्हती, पण सापडली, आणि ज्यांच्याकडं हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं त्यांनी दोन-दोन दिवस चुकीच्या कोपऱ्यात उकरलं. नंतर बघ्यांची जत्रा आली, जीप भरभरून, ते वेगळंच.

म्हणून मामा, तुमचं टोचतं. तुम्ही ज्या गावाची गोष्ट सांगता ते गाव त्या पहाटे पडलं. नंतर ५२ गावं उचलून दुसरीकडं वसवली, आमचंही त्यातलं. काँक्रीटची घरं, सरळ रस्ते, दोन घरांमध्ये मोकळी जागा. भूकंपाच्या हिशेबानं बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. पण घरं दिली कुणाची जमीन किती त्यावर, भूमिहीन आणि लहान शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्याला ७५०, आणि अ, ब, क असे एका मापाच्या घरांचे पट्टे पडले, मग जुन्या बोळात भिंतीला भिंत लागून असलेली काकू गेली गावाच्या त्या टोकाला आणि आम्ही ह्या. मी इथं पहिल्यांदा सबडिव्हिजन बघितलं ना, सारखी घरं, रुंद रस्ता, माणूस कुठंच नाही, तेव्हा बायकोला म्हणालो, हे तर आमचं नवं गाव. तिला वाटलं मी कौतुक करायलोय.

आणि आता तर त्या घरांत राहतंय कोण? पोरं पुण्याला, सूना संभाजीनगरला, बीडकडच्या कितीतरी गावांत दिवाळी झाली की जोडपी ऊसतोडीला, मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. म्हणजे अमेरिकेतला एकटेपणा आम्ही गावात नेऊन ठेवला, फक्त त्याच्याबरोबरची यादी नेली नाही.

आतेभावालाही सांगायचंय. सायरन सायरन करू नको. इथला जेम्स स्पॅन म्हणून हवामानवाला आहे, त्यानं कोट काढला की अख्खं अलाबामा समजतं आज काही खरं नाही, तोसुद्धा वर्षानुवर्षं हेच सांगतो की सायरन घराबाहेरच्या माणसासाठी असतो, घरात झोपलेल्याला ऐकू येईल ह्या भरवशावर राहू नका. २०११ ला सरासरी वीसेक मिनिटं आधी इशारा मिळाला होता, काही दिवस आधीपासून अंदाज होता, तरी आग्नेय राज्यांत मिळून तीनशेच्या वर माणसं गेली. मोबाईलवर तो कर्कश आवाज करणारा अलर्ट आता तुमच्याकडंही आलाय, २०२३ ला टेस्ट झाली तेव्हा सगळे दचकलात की, विजेसाठी दामिनी ॲप आहे. असावंच. पण आई चष्मा शोधेपर्यंत अलर्ट विझतो.

आता माझी अक्कल सांगतो. त्या सप्टेंबरच्या रात्री गावात दुपारपासून लाईट नव्हती. आईच्या फोनवर थोडी बॅटरी. मी चार वेळा फोन केला, पाणी कुठवर आलं, अण्णांनी गोळी घेतली का, फोटो पाठव. बहिणीनं पुण्याहून तीनदा. आतेभाऊ, मामा, मावश्या, सगळ्यांनी काळजीपोटीच, एकेक. नऊ वाजता फोन बंद. पुढं चौदा तास काही नाही आणि आम्ही ग्रुपवर माणुसकी विरुद्ध सिस्टीम खेळायलो. इकडं रात्री दीडला मागच्या नाल्याचं पाणी घरात शिरलं, तिला सरपंचाच्या घरी फोन करायचा होता तर फोन मेलेला. अण्णांचा हात धरून गुडघाभर पाण्यातून दोघं शाळेपर्यंत गेली, अंधारात, सत्तरी पार केलेली माणसं. मी दुसऱ्या दिवशी रागवायला लागलो की एवढा फोन लावला, उचलत का नाही, तर शांतपणे म्हणाली, "तुमीच खाल्ली की बॅटरी."

दिवाळीला गेलो तेव्हा आशाताईंकडं, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीकडं, बसलो. त्यांच्या वहीत सगळं आहे, कुठल्या घरात गरोदर बाई, कुणाला शुगर, कुणाला बीपी, कोण एकटं. गावाची यादी गावातच आहे, फक्त ती लसीकरणाला निघते, पुराला निघत नाही. पंचनाम्याच्या कागदावर सोयाबीन किती, जनावरं किती, भिंत किती पडली ह्याला जागा असते, पण तो सगळा नंतरचा हिशेब. पॅकेजवर भांडा, जरूर भांडा, हक्काचं आहे, पण प्रत्येक गल्लीत वादळाआधी एक माणूस ठरवायला जीआर लागत नाही. आमच्या गल्लीत नऊ घरांत नुसती म्हातारी माणसं आहेत. आशाताईंनी प्रत्येकाला विचारून एका कागदावर लिहून दिलं, कोण कुठल्या खोलीत झोपतं, कुणाची इन्सुलिन, कुणाला ऐकू येत नाही. दुधाच्या रतिबाचा पोरगा आहे, रोज दोन्ही वेळा नऊच्या नऊ दारांत जातोच, तो म्हणाला मी बघतो. त्याला पॉवर बँक आणि टॉर्च दिली. नऊ घरांच्या बाहेरगावच्या पोरांचा वेगळा ग्रुप केला, तिथं फक्त तोच लिहिणार, आम्हाला लिहायची सोयच बंद. मामांना हे आवडलं नाही, म्हणाले आईबापाची खबर घ्यायला माणूस नेमावा लागतोय. हो, लागतोय.

परवा तिकडं अवकाळीनं झोडपलं. रात्री त्याचा मेसेज आला: "नऊ घरं बघितली. आठ बरी. एकाला कुलूप, मावशी बार्शीला लेकीकडं गेलीय, बोललो त्यांच्यासंगं. तुमच्या आई आता पुढच्या खोलीत झोपायल्यात. फोन करू नका."