२५२०: रामानुजन यांच्या नावावर खपवलेला लसावि

डिसेंबरात रामानुजन जयंती आली की कोल्हापुरातल्या पेठांच्या, तालमींच्या आणि शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो: ‘रामानुजन यांनी २५२० ही अद्भुत संख्या शोधली. १ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी ही जगातली एकमेव संख्या. ७ वार, ३० दिवस आणि १२ महिने यांचा गुणाकार, हेच तिचं रहस्य.’ खाली ‘लई भारी’ची रांग. भागाकार बरोबर आहेत, पण बाकीचं टिकत नाही.

एकमेव? ५०४० घ्या, ७५६० घ्या. २५२० च्या पटीतली प्रत्येक संख्या चालते आणि अशा संख्या अनंत आहेत. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि. ८ साठी २ तीनदा, ९ साठी ३ दोनदा, शिवाय ५ आणि ७ एकेकदा: ८×९×५×७. बाकीचे अंक यातच येऊन गेले. शिष्यवृत्तीच्या वर्गातलं पोर हे फळ्यावर मांडून दाखवतं. १ ते २० साठी हीच रीत लावली की २३,२७,९२,५६० येते.

वार-महिन्यांचं रहस्यही नाही. ३०×१२ म्हणजे ३६०. त्यात ८, ९ आणि ५ आधीच आहेत, उणीव फक्त ७ ची. दिवसांना पुन्हा वारांनी गुणण्याला कॅलेंडरात काही अर्थ नाही.

मला खरा राग येतो तो ‘रामानुजन यांनी शोधली’ या वाक्याचा. लसावि काढायची रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात आहे. त्याच्याही आधी प्लेटोनं आपल्या कल्पनेतल्या नगरासाठी ५०४० जमीनधारक ठरवले, कारण या संख्येला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो. इतकी जुनी गोष्ट रामानुजन यांच्या नावावर टाकली की त्यांचं स्वतःचं काम झाकलं जातं, आणि ते काम याच जातीच्या संख्यांवर आहे!

१९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दीर्घ लेख आला. विषय होता, आपल्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्या. ४८ विभाजकांची २५२० ही त्यांच्या तक्त्यातली फक्त एक नोंद. अशा संख्येचे मूळ अवयव पाडले तर लहानाकडून मोठ्या अवयवाकडे जाताना घातांक कधी वाढत नाहीत, हे त्यांनी सिद्ध केलं. २५२० मध्ये २, ३, ५, ७ चे घातांक अनुक्रमे ३, २, १, १ आहेत, पाहा. शेवटच्या अवयवाचा घातांक नेहमी १ असतो. अपवाद फक्त ४ आणि ३६. तक्त्याच्या टोकाला ६७,४६,३२,८३,८८,८०० ही संख्या आहे. तिचे विभाजक १०,०८०. एवढ्या मोठ्या तक्त्यात त्यांच्याकडून एकच संख्या सुटली: २,९३,३१,८६,२५,६००. टोकाच्या संख्येला २३ नं भागलं की ती मिळते.