धरण भरलं, पण टेलला काय?

नाथसागर, म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण, नव्वद टक्क्यांच्या पुढं गेलं की आमच्या परभणीकडं सगळ्यांच्या स्टेटसला दरवाजांचे व्हिडिओ लागतात. 27 दरवाजे, फेसाळलेलं पाणी, मागं गाणं. मलाही बघायला आवडतं. पण ते पाणी नदीनं चाललंय बाबांनो, आपल्या चारीनं, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या पाटानं, टेलला, कालव्याच्या शेवटच्या शेतांना, नाही.

जायकवाडीत एकूण 102 टीएमसी मावतं. त्यातलं 26 मृतसाठा, तळाचं, कालव्यात न येणारं; म्हणजे भांडण उरलेल्या 76 चं. 2023 च्या नोव्हेंबरात वरच्या धरणांतून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला तर नगर-नाशिकपासून मराठवाड्यापर्यंत आंदोलनं, कोर्टकचेऱ्या. भांडायलाच पाहिजे, 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानं वरच्या धरणांतून वाटा मागायचा हक्क दिलाय. पण पैठणच्या खाली काय होतं, त्यावर कुणी रस्ता अडवलेला मी तरी पाहिला नाही.

डावा कालवा 208 किलोमीटरचा. जालना ओलांडून परभणीत येईस्तोवर त्यातलं किती मुरतं आणि किती पळवलं जातं, हे कालव्याच्या कडेनं फटफटीवर गेलं तरी दिसतं. अस्तर उखडलेलं, भरावावर बाभळी, आणि अंधार पडला की पाण्यात डोंगळे, म्हणजे पाणी चोरून ओढायचे पाइप. आराखडा ज्वारी, गहू, कापूस धरून झाला होता. कालव्याच्या वरच्या अंगाला उभा आहे ऊस. नियम 'टेल टू हेड'चा, म्हणजे आधी शेवटच्याला पाणी. खालच्या एका चारीवर गेटचं चाकच नाही. पाळी, म्हणजे ठरल्या वेळचं कालव्याचं पाणी, सुटली की पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा गडी, पहारीनं गेट उचलतो आणि खाली दगड लावतो. पाणी मोजून द्यायची ही आपली यंत्रणा! त्या गड्याला तरी काय बोलणार, एकट्याकडं कितीतरी गावं.

त्यात धरण पसरट, भरलं की साडेतीनशे चौरस किलोमीटर. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगर रोज जेवढं पाणी उचलतं, त्याच्या कितीतरी पट नुसतं उन्हानं उडून जातं. म्हणून पाळी लांबवून पाणी 'राखून ठेवलं' असं कुणी सांगितलं की मला हसू येतं. रब्बीचं पाणी रब्बीतच द्या. हरभरा घाटे भरताना एक पाळी मिळाली तर त्याचा उपयोग, उन्हाळ्यात नाही.

माझी मागणी साधी आहे. धरणाची टक्केवारी रोज छापता, तशी प्रत्येक वितरिकेच्या, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या पाटाच्या, शेवटच्या गेटवरची पातळीही पाळी चालू असेपर्यंत रोज जाहीर करा. मोजपट्टी रंगवायला लागतंय किती? आणि सात नंबरचा पाणीमागणी अर्ज भरून, पाणीपट्टी भरून ज्याला पाणी मिळालं नाही, त्याचे पैसे पुढच्या पाळीत वळते करा.

टेलवाल्यांनो, गेल्या रब्बीत तुमच्या चारीला किती पाळ्या आल्या? चारीच्या नंबरासकट खाली लिहा. वरच्या अंगाच्यांनीही लिहा, आम्ही भांडणार नाही.