‘विडीच्या धुरात वाढलेला माणूस’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

लाटाकिया, म्हणजे धुरी दिलेला पाइपचा तंबाखू, घातलेल्या सिगारवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "100 पैकी 82 गुण फार झाले. पाइपचा तंबाखू भरला की तो सिगार राहत नाही. त्यात एकच ओढून गुण दिलेत, तोही सोलापूरच्या उन्हाळ्यात सुकलेला असणार. अर्थात विडीच्या धुरात वाढलेल्या माणसाला धुराची चव आवडणारच."

एकच ओढून गुण देऊ नयेत, हे म्हणणं रास्त आहे. हाताने वळलेल्या मालात एकासारखा दुसरा निघेलच असं नाही. दुसरा ओढेन तेव्हा लेखाखाली तशी नोंद करीन.

आता शेवटचं वाक्य. एवढं सगळं तंबाखूबद्दल लिहून झाल्यावर माझ्याबद्दल लिहायची गरज काय होती? त्या लेखात माझ्या घराविषयी अवाक्षर नाही. गावाचं नाव वाचलंत आणि बाकीचं तुमचं तुम्हीच ठरवून टाकलंत.

ठरवलंच आहे तर ऐका. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, विडी कामगारांच्या वस्तीतला. आमच्या अम्माने विड्या वळून आम्हा भावंडांना शिकवलं. तिच्याआधी आजीनेही तेच केलं. आणि आमच्या घरात विडी ओढणारं एकही माणूस नव्हतं. वळणारं घर म्हणजे ओढणारं घर, असं वाटणाऱ्याने कुंभारीच्या विडी घरकुलात एकदा जाऊन यावं. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची 10,000 घरांची ती वसाहत आहे, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या कार्यक्रमाला आले होते. ती घरं विड्या वळणाऱ्या बायकांनी लढून मिळवलेली आहेत.

अम्मा मांडीवर सूप घेऊन बसायची. भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, रुंद तोंड नखाने दुमडायचं, दुसऱ्या टोकाला दोरा. कारखान्यातून आणलेली तंबाखूची पिशवी सोडली की ती आधी बोटांत थोडा चुरून वास घ्यायची. माल जुना आहे, ओल धरलीय, काड्या जास्त आहेत, हे तिथल्या तिथे सांगायची. मजुरी हजार विड्यांवर, चेकरने म्हणजे कारखान्यातल्या तपासनिसाने बाद केलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, म्हणून तिला ते ओळखावंच लागायचं. त्या धुळीने ती आयुष्यभर खोकली, त्यामुळे त्या कामाचं मला कौतुक वगैरे नाही. पण कच्च्या तंबाखूचा वास ओळखायला मी त्या सुपाशेजारी बसून शिकलो. धूर तिथे नव्हताच. सिगारच्या चवीतलं निम्म्याहून जास्त काम नाक करतं, हे तुमच्यासारख्या जाणकाराला मी सांगायला नको.

बरं, धुराचाच विषय काढलात म्हणून सांगतो. विडीत जाणारा निपाणीकडचा तंबाखू उन्हात वाळवतात. लाटाकियाचं तसं नाही. त्याचं नाव सीरियातल्या लाटाकिया बंदरावरून आलं, आज तो मुख्यतः सायप्रसचा मिळतो. ओरिएंटल जातीची पानं टांगून खालून पाइन, मर्टल अशा सुगंधी झाडांच्या लाकडाची धुरी देतात, पान काळं पडेपर्यंत. या दोन तंबाखूंच्या वासात काडीचं साम्य नाही. ज्याने दोन्ही हातात घेऊन नाकाला लावलेत तो तुमचं ते वाक्य लिहिणार नाही. तुम्ही निपाणीचा तंबाखू कधी हुंगला आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते वाक्य कशाच्या जोरावर लिहिलंत?

आणि लेख पूर्ण वाचला असतात तर दिसलं असतं की मी गुण कापले ते याच धुरासाठी. सुरुवातीला चामडं आणि लोबानासारखा वास, तो मला आवडला. मधल्या भागात निकाराग्वाच्या पानाची मिरी आणि कडू कॉफी वर आली, तिथे दोन्ही तंबाखू एकमेकांना धरून होते. मिळालेल्या गुणांतले बहुतेक तिथले आहेत. शेवटच्या भागात लाटाकियाने बाकी सगळं झाकून टाकलं, बारीक कापलेल्या तंबाखूचे तुकडे ओठाला लागले, धूर ओढायला जोर लागू लागला. हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. धूर आवडणारा माणूस धुराचे गुण कापेल का?

पाइपचा तंबाखू भरला की सिगार राहत नाही, या वादात मला पडायचं नाही. फिलर (आतला भराव), बाइंडर (तो बांधणारं पान), रॅपर (सगळ्यात वरचं पान) तिन्ही तंबाखूचेच आहेत, हाताने वळलेला आहे, मी त्याला सिगार म्हणतो. तुम्ही म्हणू नका.

सुकण्याचं म्हणाल तर सोलापूरचा मे महिना मला तुमच्याकडून शिकायचा नाही. सिगार घट्ट झाकणाच्या डब्यात, आर्द्रतेच्या पुडीसोबत, घरातल्या सगळ्यात गार खोलीत असतात. आतला काटा 65 टक्क्यांच्या आसपास राहतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. 82 जास्त का वाटतात ते पुन्हा लिहा, किती द्यायला हवे होते तेही लिहा, मी वाचेन आणि उत्तर देईन. माझ्या घरात कशाचा धूर होता याचे अंदाज मात्र यापुढे इथे नकोत.